तिचं उजवं, माझं डावं

सूनबाई, जीपची किल्ली शोधू नकोस, ती माझ्या खिशात आहे. आज कामावर बसने जा. असल्या ब्रेकवर तू तो उतार उतरायचा नाहीस.

नवे डिस्क ब्रेक बसवल्यापासून पेडल पार तळाला जातंय, आणि मी चार दिवस तुझ्या ब्रेकच्या नळीतली हवा काढण्याला नावं ठेवली. "बाबा, डाव्या-उजव्या चाकांचे कॅलिपर उलटसुलट तर नाही लागले?" असं तू विचारलंस, तेव्हा ब्रेक नसताना जीप अस्वलाला टेकवून थांबवल्याची गोष्ट सांगून मी विषय बदलला.

आज उठल्या उठल्या चाकाखाली वाकून पाहिलं. चकतीला पकडणाऱ्या त्या कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल वर हवं, ते खाली आहे. बसवताना मी समोरून जीपकडे तोंड करून बसलो होतो, म्हणून माझं डावं ते तिचं उजवं झालं. हवा वर दडून बसलीय, ती खालून कशी निघणार?

ते अस्वल म्हणजे काळी शेळी होती, हेही आता कबूल.

ब्रेक ऑइल आणायला गेलोय. संध्याकाळी कॅलिपरांची अदलाबदल करू. पेडल तू दाब, निपल मी सांभाळतो.

ही थाप वाटत असेल तर खिडकीतून बघ. जीप दारात आहे आणि मी पायी गेलोय.