वेगळ्या पानावरचा शेवट

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मासिक आलं. एकेचाळिसाव्या पानावर माझी गोष्ट आहे, खाली माझं नाव. अकरा गोष्टी साभार परत आल्यावर, बावन्नाव्या वर्षी ही बारावी! दुकानात चष्म्याच्या काचा घासता घासता मी इतक्या वेळा मासिक उघडलं, की मालकांनी शेवटी ते काढून स्वतःच्या खणात ठेवलं. नंतर बघतो तर तेच वाचत बसलेले.

पण ताई, माझं डोकं चालेनासं झालंय. गोष्टीतली बाई नवऱ्याच्या रिकाम्या खुंटीला आपली पिशवी अडकवते आणि तिथेच गोष्ट संपते. ते वाक्य माझंच आहे. पण त्यापुढे तो परत येतो, पिशवी बाजूला सरकवून आपला कोट अडकवतो, असं मी पानभर लिहिलं होतं. तो कोटवाला गेला कुठे?

वर संपादकांचं पत्र, की अशा जागी थांबायला धाडस लागतं, पुढची गोष्ट लगेच पाठवा. अगं, मी थांबलोच नव्हतो! पक्की प्रत नेहमी तूच करतेस आणि तिथूनच पोस्टात टाकतेस. मग शेवट तू कापलास का? तसं असेल तर लेखक कोण, तू की मी? पुढची गोष्ट कुठल्या तोंडाने पाठवू?

आठवतंय ना, मी नऊ वर्षांचा होतो. बाबा कामासाठी लांब गेले आणि त्यांची पत्रं बंद झाली. आईला अक्षर दिसायचं नाही, म्हणून त्यांची पत्रं मीच रचायचो आणि तू तिला वाचून दाखवायचीस. तेव्हापासून मी लेखक आहे की तेव्हापासून लबाड, हेही आता कळेनासं झालंय. खरं काय ते कळव, नाहीतर मी लिहिणं सोडतो.

लोभ असू दे, गोंधळलेल्यावर जरा जास्तच.
तुझा,
किरट्या


२० जून

चि. किरट्यास,
अ. उ. आ.

आज माझं अक्षर तुझ्याहून किरटं आलंय, तेव्हा हसू नकोस. मार्चमध्ये मनगट मोडलं. कळवलं नाही, कारण तू हातातलं काम टाकून धावत आला असतास आणि इथे मलाच तुला चहा करून द्यावा लागला असता.

मी काही कापलेलं नाही. या वेळची प्रत सूनबाईने केली. तुझ्या शेवटच्या पानावर नेहमीसारखं वरच लिहिलेलं, ‘ताई, तुझ्यासाठी त्याला घरी आणतोय.’ तिला ते खासगी पत्र वाटलं. न वाचता घडी घालून तिने माझ्या उशाशी ठेवलं. मी ते उघडलं तोवर गोष्ट पोस्टात पडली होती. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, असं वळण आहे तिला. म्हणजे छापून आलाय तो शेवट तुझाच, तू थांबला होतास तिथला.

आता माझं ऐक. गेलेल्या माणसाला घरी आण, असा हट्ट मी बाराही वेळा धरला आणि तू मला नाही म्हणाला नाहीस. तुझं पहिलं थांबणंच बरोबर असायचं, हे मला कळत होतं रे. तरी मी ते जास्तीचं पान प्रतीत उतरवत राहिले. तुझी इतकी वर्षं माझ्यामुळे वाया गेली. फार वाईट वाटतंय.

आणखी एक. आईने शेवटच्या आजारात मला सांगितलं होतं, की तिला पहिल्याच पत्रात कळलं होतं. तू बाबांच्या तोंडी तिच्या गुडघ्यांची चौकशी घातली होतीस, आणि बाबांनी ती जन्मात कधी केली नव्हती. मी विचारलं, मग दर वेळी पुढचं वाच म्हणून मागे का लागायचीस? म्हणाली, पोरगं लिहितं छान. हे तुला इतके दिवस सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबा येणार नाहीत हे मलाही मानावं लागलं असतं.

जेवणखाण वेळेवर कर. रागावला असशील तर रागाव, पण उत्तर पाठव.
तुझी,
ताई


२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आधी रागावलो, मग रडलो, मग दोन काचा उलट्या बसवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, जग फिरतंय. मी म्हटलं, माझंही.

गोंधळ काही गेलेला नाही. वर्षं कोणामुळे वाया गेली, तुझ्यामुळे की नाही म्हणता न आल्यामुळे, ते मला ठरवता येत नाही. बहुतेक अर्धी अर्धी. मनगटाचं लपवलंस त्याचं मात्र भांडण शिल्लक आहे, रविवारी करायला येतोय. चहा मी करीन.

सोबत तेरावी गोष्ट आहे, नऊ पानं. ती सूनबाईकडे दे, आहे तशी उतरवायला सांग. दहावं पान वेगळ्या पाकिटात आहे, तुझ्या नावाचं. ते खासगी, छापायला द्यायचं नाही. त्यात बाबा आले आहेत, आणि दारातूनच आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी करताहेत.

तुझ्या लोभावरच सगळं चाललंय, तो तेवढा आवरू नकोस.
तुझा,
किरट्या