जॉबरला कुणी झोपवायचं नाही

मी, श्रीमती सुगंधा धाकू राऊळ, वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला धाक घालून लिहून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात घाबरायचं काम नाही. मी घाबरले नाही, पण एका जागी बसवत नाही. म्हणून माझ्यामागे कुणाला काय, ते ठरवून टाकते. याआधी असा कागद मी केलेला नाही.

काय लिहायचं ते शेजारच्या प्रबुद्ध जाधव वकिलाने समजावलं. अक्षर माझं, चुकाही माझ्याच.

कलम १. माझी माणसं. यजमान धाकू राऊळ वारले. ते गिरणीत होते, संपानंतर इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन. मुलगा सर्वेश, राहणार पवई, सतराव्या मजल्यावर. त्याची बायको श्रुतिका. मुलगी जान्हवी, दिलेली दहिसरला. आणि जॉबर.

जॉबर हा कुत्रा आहे. यजमानांनी इस्टेटीच्या गेटावरून पिशवीत घालून आणलेला. गिरणीत खात्यातल्या कामगारांवर खेकसणाऱ्या मुकादमाला जॉबर म्हणायचे. त्याच्यापुढे आमचे हे जन्मभर मान खाली घालून उभे राहिले. म्हणून कुत्र्याला ते नाव ठेवलं आणि रोज सकाळी "जॉबर, बस खाली! जॉबर, गप!" करून सूड उगवून घेतला. कुत्र्याने मात्र कधी ऐकलं नाही. तो खरोखरच जॉबर निघाला.

आता तो म्हातारा झाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, कान गेले, मागचे पाय लुळे. तरी बसत नाही. खोलीत गोल फिरतो, दारामागच्या कोपऱ्यात तोंड घालतो आणि तिथून बाहेर कसं यायचं ते विसरतो. मग भिंतीकडे बघत उभा. त्याला वळवावं लागतं.

आत्ताच उठून वळवून आले.

कलम २. जान्हवीला माझ्या पाटल्या आणि पाटा-वरवंटा. दोन्ही एकत्र. पाटल्या तू घेशीलच. पण पाटा "जड आहे गो आई" म्हणून इथेच टाकलास तर पाटल्याही इथेच राहू देत.

कलम ३. सर्वेशला बँकेतली ठेव आणि बापाची हत्यारांची पेटी. पाने, पक्कड, करवत. तू वापरणार नाहीस, ठाऊक आहे. निदान गंजवू नकोस. आणि एक मनात राहिलेलं लिहिते. गणपतीच्या आधी मला न विचारता तू खोलीत गुळगुळीत लादी बसवलीस. तेव्हापासून जॉबर घरातल्या घरात घसरतो. मी गोणपाटं अंथरली, तर "आई, हे घर आहे की गोदाम?" म्हणून तू ती गुंडाळून माळ्यावर टाकलीस. मी ती पुन्हा खाली काढून अंथरली. सदर गोणपाटं जॉबर जिवंत असेपर्यंत कुणीही हलवू नयेत.

कलम ४. राहती खोली. ही मी जॉबरच्या नावे करणार होते. प्रबुद्ध म्हणाला, "आजी, कुत्र्याच्या नावे काही करता येत नाही. कायद्याच्या नजरेत तो वस्तू."

"वस्तू? वस्तू मुतते काय रे?"

"मुतली तरी वस्तूच. पण तुम्ही ती वस्तू कुणाला तरी देऊ शकता."

बरं. तर सदर वस्तू आणि सदर खोली, दोन्ही मी माझी सून श्रुतिका हिला एकटीला देते. सर्वेशचं नाव त्यात घालू नये. जॉबर जिवंत असेपर्यंत खोली विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि रिडेव्हलपमेंटवाल्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नये. जॉबरला पवईला नेऊ नये. इथल्या भिंती त्याला नाकाने पाठ आहेत. तिथे लिफ्टमध्ये तो कुणाच्या बुटावर मुतेल आणि सोसायटीची मीटिंग लागेल.

हे वाचून जान्हवी कपाळाला हात लावेल. श्रुतिकेचं आणि माझं पटत नाही हे सगळ्या चाळकऱ्यांना माहीत आहे. ती पाया पडताना घड्याळात बघते. तिचं बांगड्याचं कालवण म्हणजे हळदीचं पाणी, त्यात मासा बुडून मेलेला. कुत्र्याला तिने कधी हात लावला नव्हता, आली की ओढणी आवरून बसायची. तरी तिलाच का, ते पुढच्या कलमात.

कलम ५. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा सर्वेश आला. जॉबर फेऱ्या मारत होता. सर्वेश म्हणाला, "आई, याला आता झोपवूया."

मी म्हटलं, "झोपव रे बाबा. उपकार होतील. त्याच्या डोळ्याला डोळा नाही, माझ्याही नाही."

"म्हणजे, तुझी हरकत नाही ना?"

"हरकत कसली? मी दमले त्याला थोपटून."

आमच्यात झोपवणं म्हणजे थोपटणं. सर्वेशला मी वर्षानुवर्षं झोपवला, तो दर सकाळी उठला. मला वाटलं, डॉक्टरकडे झोपेचं औषध असेल.

गेलो रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे. श्रुतिका ऑफिसमधून परस्पर आली. जॉबरला टेबलावर ठेवला, डॉक्टरने पायावरचे केस कापले. मी विचारलं, "संध्याकाळपर्यंत उठेल ना? त्याचा भात असतो सहाला. उपाशी झोपला तर पित्त होतं त्याला."

डॉक्टरने सर्वेशकडे बघितलं. सर्वेशने मोबाईलकडे बघितलं.

तेव्हा श्रुतिका म्हणाली, "आई, झोपवणं म्हणजे मारणं. इंजेक्शन दिलं की तो उठणार नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलंय का?"

सर्वेश म्हणाला, "अगं, आईला त्रास नको म्हणून..."

"मग त्यांना काय विचारलंस? अंगाई म्हणू का, असं?"

आणि तिने दोन्ही हात घालून जॉबरला टेबलावरून उचलला. तो घाबरून तिच्या ऑफिसच्या कपड्यांवर मुतला. तिने तोंड वाकडं केलं, पण त्याला खाली टाकला नाही. रिक्षात मला म्हणाली, "आई, मला कुत्रे आवडत नाहीत. पण फसवून हो म्हणवून घेतलेलं त्याहून आवडत नाही."

बस. म्हणून तिला. माझा मुलगा वाईट नाही, पण त्याला शब्द मऊ करून वापरायची खोड आहे. जॉबरला ज्याच्या हाती द्यायचं, त्याचा शब्द कडक पाहिजे.

कलम ६. जॉबरची देखभाल. भात मऊ, त्यात उकडलेली कोंबडी, मीठ नाही. गोळी भाताच्या गोळ्यात लपवावी. तो भात खाऊन गोळी थुंकतो, तेव्हा तोंडात बघावं. उठवताना माझं जुनं सुती लुगडं पोटाखालून घालून मागचा भाग उचलावा, शेपूट धरून नव्हे. घरातलं सामान हलवू नये. कोपऱ्यात अडकला तर ओरडू नये, त्याला ऐकू येत नाही आणि आपलाच घसा जातो.

कलम ७. तो माझ्याआधी गेला तर कलम ६ रद्द. मी आधी गेले आणि तो नुसता म्हातारा असेल, तर त्याला राहू द्यावं. म्हातारं असणं हा आजार नाही. पण तो विव्हळू लागला, पाणी तोंडाला लावलं तरी घेईना, तर काय करायचं ते श्रुतिकेने एकटीने ठरवावं. मी वेडी नाही, मला मरण कळतं. फक्त तेव्हा "झोपवणे" म्हणू नये. "मारणे" म्हणावं, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून शेवटपर्यंत तिथे उभं राहावं. ज्याला उभं राहवत नाही त्याने हो म्हणू नये.

प्रबुद्धने विचारलं, "आजी, श्रुतिका वहिनींना हे सांगितलंय का?" नाही सांगितलं. सांगितलं तर ती नाही म्हणेल, आणि ती एकदा नाही म्हणाली की नाहीच. मग मला सोमवारी कुणाच्या भरवशावर जाता येईल? सकाळपासून हाच एक विचार आहे. तीनदा चहा केला, एकही प्यायले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. दवाखान्याची बॅग भरायला श्रुतिका आली. दुसरा साक्षीदार, शेजारचे धोंडिराम मेस्त्री, अजून पोचले नव्हते. ती म्हणाली, "द्या, मी करते सही." प्रबुद्ध म्हणाला, "वहिनी, तुम्ही नको. ज्याला मिळायचंय त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळायचंय?"

आता लपवून काय करू? दिला कागद. तिने उभ्यानेच सगळा वाचला. जॉबर तिच्या पायाला धडकला, पुन्हा फिरला, पुन्हा धडकला.

"आई, कालवणाबद्दलचं खोडा."

"खोडणार नाही. खाडाखोड केली तर कागद कोर्टात टिकत नाही. विचार प्रबुद्धला."

"मग खाली लिहा, सुनेला मान्य नाही."

"काय मान्य नाही? कुत्रा?"

"कालवण," ती म्हणाली.

लिहिलं.

मग तिने विचारलं, "ऐकू येत नाही, दिसत नाही, तर याला बोलवायचं कसं?" मी सांगितलं, जमिनीवर तळहात आपट. हादरा त्याच्या पायाला कळतो. ती ओढणी न आवरता लादीवर बसली आणि हात आपटला. तो चुकीच्या बाजूला वळला. "जोरात," मी म्हटलं, "जॉबर आहे तो, हळू बोललेलं त्याला कळत नाही." तिने पुन्हा आपटला. आता तो तिच्याकडे निघाला आहे, वाटेत दोनदा घसरला आहे, आणि ती अजून हात आपटते आहे.

मेस्त्रीही आले. मी सही करते.

सही: सुगंधा धाकू राऊळ

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:
१. प्रबुद्ध रमेश जाधव, वकील
२. धोंडिराम सखाराम मेस्त्री, शेजारी

ठिकाण: चारकोप, कांदिवली पश्चिम, मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५