फाटकावरचा मळका शर्ट

बाबा, आज तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. भीती वाटतेय, आणि भीती वाटली की चारकोपच्या आपल्या या घरातली ती एकच दुपार आठवते, टायगर पळाला ती. कुत्र्याचं नाव टायगर, आणि कुकरची शिट्टी झाली की खाटेखाली! तुम्ही चिडवायचात, "वाघोबा, भायर येवा."

घट बसायच्या आधीची साफसफाई चालली होती. आईचं नेहमीचंच, घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय सोडायची नाही. गिरणी बंद पडलेली, त्यामुळे भिंतींना चुना लावायला तुम्ही घरीच. खाट अंगणात काढलेली, टायगरचं गोणपाट कचऱ्यात, त्याचा पट्टासुद्धा बिल्ल्यासकट धुऊन दोरीवर वाळत. आत कुकरची शिट्टी झाली. टायगर खाटेखाली शिरायला धावला, तर खाटच नाही. दार सताड उघडं. गेला!

मी बोंबलत त्याच्या मागे निघाले, तर तुम्ही माझा दंड धरलात. "आरडू नको गो. भियालेलो कुत्रो हाक ऐकून आणखी लांब पळता." असा राग आला तुमचा! गळ्यात बिल्ला नसलेलं कुत्रं पालिकेचे गाडीवाले उचलतात आणि उचललेलं परत येत नाही, हे आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. आणि तुम्ही काय केलंत, तर अंगातला शर्ट काढलात. चुन्याने, घामाने नुसता थबथबलेला. आई बादली घेऊन उभी, "हाडा हय, धुवून टाकतंय." तुम्ही दिला नाहीत. "सगळ्या घराक चुन्याचो वास. तो वळखतलो कसो?" म्हणालात आणि शर्ट फाटकावर टांगलात. गल्लीतली सगळी घरं एकसारखीच होती तेव्हा.

दुपार कलतेय. तुम्ही बनियनवर उंबऱ्यात बसलाय, मी तुमच्या पाठीमागे. शेजारच्या काकू रस्त्यावरूनच ओरडतात, "अहो, पलीकडच्या सेक्टरला कुत्र्यांची गाडी आलीय!" तुम्ही विडी पेटवायला जाता आणि काडी विझते. दुसरी पेटवता, तीही विझते. वारा तर नाहीच. संप लांबत गेला तेव्हाही मी तुम्हाला असं बघितलं नव्हतं. तुम्हीच घाबरलात, तर मी कुणाच्या मागे लपायचं?

दिवेलागणीला तो आला. शेपूट पायांत घालून, एकेक दार हुंगत. आपल्या घरावरून पुढेसुद्धा गेला, बाबा! मी हाक मारणार, तर तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. मग तो थांबला. वळला. शर्टाच्या बाहीत नाक खुपसून कुंई कुंई करत राहिला. आईने झाडू उचलला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "इलो ना? मग मारू नको. पुन्हा येवचो नाय." आणि तुम्हाला रडू फुटलं.

हे घर आता पाडणार आहेत. उद्या आम्ही घाटकोपरला जातोय, सातव्या मजल्यावर. तिथेही सगळी दारं एकसारखीच. सामान बांधताना लेक तुमचा शर्ट घेऊन आली, "आई, हा धुवायला टाकू?" मी "नको!" म्हणून अशी ओरडले की बिचारी दचकली. तुम्ही गेलात तेव्हा खुंटीवर होता तो, मी कधी धुतलाच नाही. आता त्याला कसलाच वास येत नाही, नाकाला लावून बघितला. तरी नव्या दाराबाहेर टांगणार आहे. लोक हसले तर हसू देत. तुम्ही ते घर पाहिलेलं नाही ना.