दोरीवर वाळत घातलेली माणसं

कोचकोर, १२ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

सलाम. डोलोन घाटात बर्फ पडलंय म्हणे. नारिनला थंडी वाढली असेल, कोळसा भरून घेतलात ना? मी बरी आहे.

रविवारी माझं प्रदर्शन झालं. सभागृह कोणी दिलं नाही, म्हणून बाजाराच्या भिंतीलगत दोऱ्या बांधून धुण्याच्या चिमट्यांनी फोटो लावले. मटणवाला जोल्दोश म्हणाला, "काय गं, माणसं वाळत घातलीस?"

"तुम्हीही आहात. तिसऱ्या दोरीवर."

बघायला गेला तो परत येईना. दुकान उघडं टाकून स्वतःसमोर उभा!

दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बुर्माकान आजीनं आपल्या फोटोवरून बोट फिरवलं. "सुरकुत्या पुसल्या नाहीस?"

मी कबूल केलं, "नाही, आजी."

"बरं केलंस. स्टुडिओतल्या फोटोत मी माझ्या सुनेसारखी दिसते. आणि ती मला आवडत नाही."

तुम्ही तुमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांचे चेहरे मायेनंच गुळगुळीत करता, हे मला ठाऊक आहे. पण बाबा, आपण जे पुसून टाकतो, माणूस नेमका तिथंच राहत असतो.

इतका वेळ टाळलं, आता लिहिते. मधल्या दोरीवर आई होती. बोरसोकच्या पुऱ्या तळताना, कपाळाला पीठ लागलेलं, पडलेला दात दाखवत हसणारी. थडग्यावर तुम्ही कोरून घेतलेली, ओठ मिटलेली आई नव्हे. "हा फोटो चारचौघांत लावलास तर मला तोंड दाखवू नकोस," असं तुम्ही बजावलं होतंत. मी लावला. सगळ्यांत मोठा करून लावला. येईल तो तिच्यापुढं थांबे आणि नकळत हसू लागे.

संध्याकाळी छतावर चढून गर्दीचा फोटो काढला. काल तो मोठा करून पाहिला, तर आईसमोर एक पाठमोरा माणूस. टोपी काढून दोन्ही हातांनी पाठीमागं धरलेली. अशी टोपी धरणारा माणूस मला एकच माहीत आहे.

घाट ओलांडून आलात आणि न भेटता गेलात.

शेजारी नान विकणाऱ्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते म्हातारबाबा? येईल त्याला सांगत होते, ही माझी बायको. दात पडला तेव्हा लाजून आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. सांगत होते आणि हसत होते."

शुक्रवारी आईला घेऊन येते. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावू. खिळा तुम्हीच ठोकायचा.

तुमची लेक,
आयझिरेक