दादाजींच्या जीपची सोंड

मुक्काम बोरखेडी,
पोळ्याच्या आदल्या दिवशी, १९७८

तीर्थस्वरूप आनंदरावमामांना भाचा मुकुंद याचा सविनय जयभीम.

पावसाळ्यात तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तंबाखू बंद करवली असं ऐकलं, तेव्हा प्रकृती उत्तम आणि मिजाज बिघडलेला असणार. मी खुशाल आहे. फक्त खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये नसून नाल्याच्या भलत्याच काठावर आहे, त्याची हकिगत लिहितो.

आमच्या कॉलनीमागे दादाजी राहतात, पलटणीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लिलावातली जुनी जीप त्यांनी अशी राखली आहे की लोक पोरंसुद्धा इतकी राखत नाहीत. त्यांची मुलगी चारुशीला नर्सचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झाली आणि बोरखेडीच्या आरोग्य उपकेंद्राची ऑर्डर आली: सोमवारपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना. इकडे नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो बुटका फरशीपूल, कंबरभर पाण्याखाली. एवढ्या पाण्यात जीप घातली तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं आणि तिथंच बसतं. पण दादाजींनी फौजेत स्नॉर्केल पाहिलेला. म्हणजे इंजिनाच्या हवेच्या तोंडाला पाइप जोडून तो थेट टपापर्यंत न्यायचा, सोंडेसारखा. पाइप मिळाला (आमच्या बंबाचं धुराडं, सध्या मी थंड पाण्यानं आंघोळ करतो, तब्येतीला बरं असतं). प्रश्न उरला सांध्याचा. तो बुजवायचा कशानं?

मी पॉवर हाऊसमधला फिटर. वाफेच्या पाइपांबाबत माझा शब्द शेवटचा असतो (असं मी सांगत असतो). मी थाटात सांध्यात आमचं नेहमीचं पांढरं लुकण, सफेदा, आणि सुताचा पीळ भरला. दादाजींनी इंजिन चालू करून सोंडेच्या तोंडावर तळहात दाबला. इंजिन मस्त चालू राहिलं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. चारुशीलेनं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. "तोंड दाबल्यावर बी इंजन चालू हाये, म्हंजे हवा सांध्यातून घुसून रायली. पानी बी तिथूनच घुसन!" मामा, हे मला सुचायला हवं होतं, पण ती समोर उभी असली की मला फारसं काही सुचत नाही.

मग दादाजींनी डांबर ओतलं. ते बॉनेटच्या उष्णतेनं पाघळून त्यांच्याच पायजम्यावर आलं. मग त्यांच्या पत्नी कांताबाई पुढे सरसावल्या. मटणाच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण त्या कणकेनं बंद करतात, तसा त्यांनी सांध्याला उडदाच्या पिठाचा घट्ट लेप दिला. वाळून दगड झाला. तळहात ठेवताच इंजिन बंद! आम्ही नाचलोच. पण जीप कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत जाते न जाते तोच लेपाला तडे गेले, आणि पडलेले तुकडे शेजारच्या बकरीनं आवडीनं खाल्ले.

रविवार मावळत आला तसे दादाजी पाने-पकडी पेटीत भरू लागले. नोकरी गेलीच, असं कांताबाई डोळे पुसत म्हणू लागल्या. तेव्हा चारुशीला उठली. "इंजन एकीकडे हालते, बॉडी दुसरीकडे. हालनाऱ्या सांध्याले कडक वस्तू काहून लावता गा, बाबा?" तिनं सायकलची जुनी ट्यूब कापून बाहीसारखी सांध्यावर चढवली, पंक्चरचं सोल्यूशन लावलं आणि वरून रबराच्या पट्ट्या बँडेजसारख्या गुंडाळल्या, प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकणारा. काय तो हात, मामा! मी बघतच राहिलो. कॉलनीला फेरी मारून आलो आणि तळहात ठेवला. इंजिन झटकन बंद. पुन्हा फेरी, पुन्हा बंद. बंद पडलेल्या गाडीभोवती आनंदानं ओरडणारी माणसं पाहून शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली.

सोमवारी पंख्यानं इंजिनावर पाणी उडवू नये म्हणून दादाजींनी फॅनचा पट्टा काढला आणि जीप पाण्यात घातली. पाणी बॉनेटवर चढलं. दादाजींचा जबडा आवळलेला, मी तिची ट्रंक कवटाळून डोळे मिटलेले, आणि चारुशीला बाहेर वाकून नाडी पाहावी तशी सांध्यावर बोटं ठेवून बसलेली. थेंब गेला नाही. ती वेळेवर हजर झाली, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी चिखलातच बसलो. तिथं खिळा लागला, त्यामुळे उपकेंद्रातलं तिचं पहिलं इंजेक्शन मला मिळालं. हात हलका आहे, हे स्वानुभवानं लिहितो. रात्रीतून पाणी आणखी चढलं म्हणून दादाजी आणि मी इथंच अडकलो आहोत.

मामींना जयभीम, लहानांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
मुकुंद

ता.क.: जीपचं एवढं पुराण लावलं ते एका विनंतीसाठी. पाणी उतरलं की या आणि दादाजींकडे माझ्यासाठी चारुशीलेला मागणी घाला. माझी जीभ तिथं वळत नाही.

ता.क. दुसरा: पाकीट बंद करण्याआधी धीर करून हे पत्र तिलाच वाचायला दिलं. ती म्हणाली, "मामाले कायले तरास देता? बाबाले मी कालच विचारलं. ते हो म्हनले. फक्त तुमालेच विचारायचं रायलं होतं." तरी मामा, तुम्ही याच. मला होकार द्यायचा आहे, आणि अशा वेळी आपल्याकडचं कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं बरं.