दावं देत नसतात

१५ नोव्हें. ९६, शुक्रवार

कॉम्प्युटर विकला. माझा. मला न विचारता, घोडेगावच्या बाजारात, दोन म्हशींच्या मधे उभा करून.

दिवसभर नगरला होतो. टेपरेकॉर्डरचं हेड बघायला गेलो, मिळालं नाही, मग एकाच्या ट्रकचा हॉर्न बसवून दिला, त्यातच चार वाजले. घरी आलो तर टीव्हीखालची जागा रिकामी. सोबतचं इंग्रजी पुस्तक पण नाही. टीव्हीला लावायची वायर पण नाही. आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मामाला विचार."

मामा गोठ्यात. जनावरांचा दलाल तो, शुक्रवारी खुशीत असतो.

"पार्टी म्हस घ्याया आल्ती. म्हनली, पोरीला कंप्युटर पायजे. म्हनलं, हाय आमच्याकडं. चालू हाय."

"मला विचारलं का?"

"तू घरी आसतो का इचारायला?"

उपरण्याखाली हात घालून बोटांवर सौदा केला. दात पण मोजून दाखवले असतील. बटणं चाळीस आहेत. रबराची.

मग खुंटीकडं लक्ष गेलं. मामानं विकलेल्या सगळ्या जनावरांची दावी तिथं टांगलेली असतात. त्यात माझा अडॅप्टर. काळा डबा, त्याला वायर.

"हे का ठेवलं?"

"जनावर द्यायचं, दावं देत नसतात. बरकत जाती घराची. त्यात ह्याला लोढणंबी हाय."

रागानं हसायलाच आलं मला. आई म्हणाली, "बघ, हसतोय. याला काय पडलेली नाही."

१६ नोव्हें.

मामाला समजावून सांगितलं. शांतपणे. सुरुवातीला.

या मशीनला चालू-बंदचं बटणच नाही. वायर लावली की चालू, काढली की बंद. आणि हा अडॅप्टर उलटा आहे. बाकीच्यांच्या पिनेत आत प्लस असतो, याच्या आत मायनस. दुसरा कुठला लावला की आतली चिप भाजली. मग तो डबा चटणी ठेवायच्या पण कामाचा नाही.

म्हणजे मशीन तिकडं, जीव इकडं खुंटीला. आणि तो म्हसवाला आज ना उद्या रेडिओची वायर खुपसणार.

"कुणाला दिला तेवढं सांग."

"सौद्यातलं नाव सांगत नसतात."

हे देत नसतात, ते सांगत नसतात. हाच मामा घरात बुद्धवंदना घेतो, दाराला लिंबू-मिरची टांगणाऱ्याला हसतो, म्हणतो आपण ते सोडून चाळीस वर्षं झाली. मग बरकत कुठून आली रे? तेच विचारलं.

"ती देवाची गोष्ट न्हाई, मिलिंद. धंद्याची हाय."

दार आपटून बाहेर पडलो. बाहेर पण काही नव्हतं.

१७ नोव्हें.

दोन वर्षं झाली. नगरच्या कॅम्पात एका मेजरसाहेबांचा कूलर दुरुस्त केला, त्यांची बदली निघालेली. बाईंनी दिला हा. मुलगा मोठा झाला होता त्यांचा. म्हणाल्या, जुना आहे, कचराच आहे.

कचरा! ४८ के मेमरी. तेवढ्यात गेममधला एक अख्खा किल्ला बसतो. साठ खोल्या, प्रत्येकीत वेगळा पहारेकरी, वर पाठीमागं गाणं. ज्यानं केला त्यानं एक एक ठिपका पोटाला चिमटा घेऊन वापरलाय. आणि तो किल्ला येतो कुठून? साध्या गाण्याच्या कॅसेटमधून. आधी करवतीसारखा आवाज, टीव्हीच्या कडेला पट्टे नाचतात, आवाज अर्धा काटा जास्त झाला की सगळं परत पहिल्यापासून. पाच मिनिटं श्वास धरून बसायचं. त्या पाच मिनिटांसाठी मी जेवण सोडलंय. आईला तेच खुपतं. तिची मालिका त्याच टीव्हीवर.

कॅसेट तेवढी माझ्याकडं राहिली, शर्टाच्या खिशात होती. तिच्या एका बाजूला माझा स्वतःचा गेम आहे. नाव 'बाजार'. म्हैस घेऊन निघायचं, टेम्पो चुकवायचे, पोलीस चुकवायचा, गूळवाल्याची पाटी सांडायची नाही, फाटकातून बाहेर. आता कॅसेट वाजवली तर नुसती किंचाळते. ऐकली दोनदा. आई म्हणाली, बंद कर ते मेल्याला जाळल्यासारखं.

१९ नोव्हें.

नेवाशाला कॉम्प्युटर क्लास निघालाय. बघायला गेलो. चपला बाहेर, पडदे, एसी, कॉम्प्युटरला फ्रॉक घातलेला. सर म्हणाले, पहिले दोन महिने थिअरी. म्हणजे वहीत कॉम्प्युटरचं चित्र काढायचं. मी विचारलं, यावर गेम करता येतो का? खेळता नाही, करता.

"आधी काय वापरायचास?"

सांगितलं. हसले. "ते खेळणं आहे रे."

त्यांच्या यंत्रात माझ्यासारखी तीनशे खेळणी मावतील, पण सरांना त्यावर फक्त पत्र टाइप करता येतं, आणि ते पण 'महोदय'पर्यंत. बाकीची पोरं तर टीव्ही-गेमवर खूश. कॅसेटवर छापलंय ९९९९ इन वन. मी मोजले आहेत. सात गेम, बाकी तेच, रंग बदलून. नऊ हजार नऊशे ब्याण्णव वेळा फसवलं तरी कुणाला राग येत नाही. मलाच येतो.

२२ नोव्हें., शुक्र.

बाजार. अन्वरभाईला गाठलं. म्हशींची ने-आण त्याच्याच टेम्पोत.

"तुझी टीव्हीची पेटी ना? पुणतांब्याला टाकली. कारभारीनाना. म्हस मागं, पेटी पुढं माझ्या मांडीवर. नाना म्हनले, गचके नको देऊ, पोरीची हाय."

परत जाणार का विचारलं. रविवारनंतर जाणार. म्हटलं, नानाला एवढंच सांग, दुसरी वायर लावू नका. काहीच लावू नका. तीनदा म्हणून घेतलं त्याच्याकडून.

२४ नोव्हें., रवि

अन्वरवर भरवसा नाही, म्हणून स्वतःच निघालो. श्रीरामपूरला गाडी बदलायची. स्टँडमागं व्हिडिओ गेमचं दुकान आहे, फक्त डोकावलो.

आत एक जुनं उभं मशीन. लाकडी कपाट, पडदा पिवळा पडलेला, दांडा डावीकडं जातच नव्हता. पोरं उजवीकडं उजवीकडं खेळून मरत होती. मालक म्हणतो, काढून टाकणार, टीव्ही-गेम बसवणार. मी म्हटलं, काका, आतली पट्टी वाकलीय, स्क्रू ड्रायव्हर द्या. दिला. अर्ध्या तासात दांडा सरळ. मग मालक म्हणाला, खेळ आता पायजे तेवढं.

बाहेर आलो तेव्हा दिवे लागलेले. पुणतांब्याची गाडी गेलेली.

परत आलो. कुठं गेल्तास म्हणून आईनं विचारलं. श्रीरामपूर. का? काही नाही.

२७ नोव्हें.

अन्वरभाई भेटला. "विसरलो रे मी. ऊस भरला हुता, डोकं ठिकान्यावर नव्हतं."

त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही.

२९ नोव्हें.

मामाशी पुन्हा. मी म्हटलं, दावं घेऊन जातो, सौदा मोडतो, मशीन आणतो. मामा उठलाच नाही. जनावराच्या अंगावरची गोचीड काढत काढत बोलला, ते जास्त लागलं.

"आयटीआय सोडली. ग्यारेज सोडलं. बारावीचा फारम भरला, पेपराला गेला न्हाईस. आन तो गेम गेम करतोस, तो तरी पुरा हाय का? एक गोष्ट दाखव मला शेवटाला नेलेली. आत्ता जातो पुनतांब्याला, पाया पडून आनतो."

 तो गेमबद्दल अंदाजानं बोलला. त्याला काय माहीत.

५ डिसें.

आई आणि मामा मुंबईला गेले, चैत्यभूमीला. गावातून दोन ट्रक. दरवर्षी जातो मी. या वर्षी नाही म्हटलं. आईनं डबा भरताना माझा पण भरला होता, तो तसाच ठेवून गेली.

गोठ्यात गेलो. खुंटीवरून वायर काढली. एका दाव्याच्या गाठीत अडकली होती, ओढली तर चार दावी खाली आली. परत टांगली. कुठलं कुणाचं, कुणास ठाऊक.

७ डिसें., शनिवार. पुणतांबा स्टेशन

सकाळी निघालो. श्रीरामपूरला खाली बघत चाललो, दुकानाकडं मान वळवली नाही.

ठरवून गेलो होतो. म्हणायचं, ही वायर मिळणार नाही, तुमचं मशीन मेलेलं आहे, परत द्या. बस.

कारभारीनाना ओसरीवर. "या पाव्हनं. म्हनजे तुमी दलालाचे भाचे." चहा आला. म्हटलं, वायर मामानं ठेवून घेतली. नाना म्हणाले, "मंग? रीतच हाय ती. घेनाऱ्यानं नवं दावं आनायचं. मी म्हशीला आनलं, पेटीलाबी आनलं श्रीरामपूरवरून."

चहा खाली ठेवला. "लावलं?"

"लावू दिलं तर ना. आमची वैशाली. लपवून ठिवलं तिनं. तीन हप्ते झाले, सांगत न्हाई कुठं हाय."

वैशाली नववीत. शाळा सकाळची, नुकतीच आली होती, वेण्या पण सोडल्या नव्हत्या. मशीन पाटावर, वर धुतलेलं फडकं. ते इंग्रजी पुस्तक आणून माझ्यापुढं उघडलं, बोट ठेवलं. सोबतच्या अडॅप्टरशिवाय दुसरा लावू नये. मी ते पान कधी वाचलेलं नाही. मला कॅम्पातल्या बाईंनी तोंडी सांगितलेलं. पुढची पानं तर चिकटलेलीच होती माझ्याकडं, तिनं सोडवलीत. डिक्शनरी घेऊन.

"बंदच होता ना, मग काय करायचीस?"

"बटणं पाठ केली."

खरं वाटलं नाही. मी जोडला. वायर लावली, टीव्हीचं चॅनल फिरवलं, पडदा पांढरा झाला. नाना "आरं तिच्यायला" म्हणाले. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

परत मागायचं होतं. पण आधी एकदा 'बाजार' दाखवावा म्हटलं, कॅसेट खिशात होतीच. त्यांच्या टेपवर आवाज जुळवायला तीन वेळा लागलं. लागला. तिनं म्हैस घेतली. गूळवाल्यापाशी दोनदा मेली, मग गेली, टेम्पो, पोलीस, सगळं. मी स्वतः एवढ्या लवकर गेलो नव्हतो. फाटकापाशी पोचली. म्हैस फाटकाला डोकं आपटत राहिली.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"म्हणजे उघडत नाही?"

"केलंच नाही अजून."

"का?"

का म्हणजे काय. दोन वर्षांत एकदा हेड बिघडलं, एकदा दुसरा गेम सुचला, एकदा… तिला काय सांगणार. तिनं उपहासानं विचारलं नव्हतं, तेच वाईट. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"मग इथं येऊन करा ना पूर्ण. रविवारी रविवारी. आम्ही बंद नाही करणार मधे."

माझ्याच मशीनवर, पाहुणा म्हणून!

नानांनी जेवायला ओढलं. ओसरीवर पिठलं-भाकरी, आतून बटणांचा टिकटिक आवाज. मला वाटलं खेळतेय. हात धुऊन आत गेलो तर पडदाभर ओळी. माझ्या गेमच्या ओळी, मधे मधे तिच्या. पुस्तक मांडीवर उपडं.

"कुणी सांगितलं माझ्या गेमला हात लावायला?"

"थांबा, एकच ओळ राहिली—"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुढं काही नाही."

वायर उपटली. पडदा काळा, तिच्या ओळी पुसल्या. बटण नाहीच त्याला.

ती पडद्याकडं बघत म्हणाली, "चालवून बघायचं राहिलं."

वायर गुंडाळली, खिशात कोंबली, निघालो. मागून नाना, "आरं पाव्हनं, झालं काय?" ती आतून म्हणाली, "जाऊ द्या नाना. दावं त्यांचंच आहे."

स्टेशनवर येऊन बसल्यावर खिसा चाचपला. कॅसेट त्यांच्या टेपमधेच राहिली. म्हणजे आता मशीन तिच्याकडं, पुस्तक तिच्याकडं, 'बाजार' पण तिच्याकडं. माझ्याकडं हा अडॅप्टरचा काळा डबा. मामा उद्या येईल, खुंटी बघेल. परत टांगला तर काहीच झालं नाही असं होईल. बरकत शाबूत.

त्या ओळी आठवून लिहायला बघतोय इथं मागच्या पानावर. दोनच आठवतात. दुसरीत तिनं फाटकाचा रंग तपासला होता. मला ते कधी सुचलं नाही. पुढची जी राहिली होती ती काय असेल, येत नाही. फाटक उघडलं असतं की नसतं, हे आता तिला पण माहीत नाही.

राग कुणाचा आलाय तेच कळेना. मामाचा होता तोवर बरं होतं.

नगरची गाडी दिसतेय. हमाल उठले. डबा खिशात अजून गरम आहे.