गाईडात नसलेली कविता

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

बी.ए.च्या पहिल्या वर्षी माझी आई वारली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकला आणि बाबांनी मला घनसावंगीहून अंबडच्या जीपमध्ये बसवून दिलं. कॉलेजात पोरीचा जीव रमेल, असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी तुम्ही नेमकी मेलेल्या आईवरची कविता शिकवायला काढलीत. पुस्तक वर्गात कुणाकडेच नव्हतं. आम्ही सगळे स्टँडसमोरच्या दुकानातून गाईड घ्यायचो, आणि गाईडात कवितेचा अर्थ असायचा, कविता नसायची. पुस्तक एकट्या तुमच्या हातात. तुम्ही पहिल्या दोन ओळी वाचल्यात. आता माझ्या मनातलं कुणीतरी बोलणार, असं वाटलं. तेवढ्यात तुम्ही पुस्तक पालथं ठेवून म्हणता, "हां, लिहून घ्या. मध्यवर्ती कल्पना."

मी उभी राहते. वर्गात आपणहून पहिल्यांदाच. "सर, आधी पुरी वाचून दाखवा नं."

"पुरी वाचून काय करती? परीक्षेत कविता न्हाई विचारत, कवितेवरचे प्रश्न विचारतात. बस खाली, लिही जल्दी."

वर्ग हसला. तुम्हीही हसलात. तास संपल्यावर मी पुस्तक मागायला तुमच्यामागे धावले. म्हणाले, "सर, माझी आई वारली." तुम्ही थबकलात. "अरेरे," म्हणालात. "मंग हा प्रश्न तुला बराबर जमंल." आणि पुस्तक बगलेत मारून चालते झालात.

जमला, सर. त्या प्रश्नाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले, आणि तुम्ही मला उभं करून शाबासकी दिलीत. आईच्या मरणावर शाबासकी! तुम्हाला कविता लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. नुसती मोठ्यानं वाचायची होती. तोंडाशी आलेला घास तुम्ही काढून घेतलात, आणि तुम्हाला त्याची गंधवार्ताही नव्हती, याचीच मला जास्त चीड आहे.

परवा आईचा स्मृतिदिन होता. बुद्धवंदना झाली आणि धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तूच बोल. तू शिकलेली हायेस." मला सांगायचं होतं की भाकरी थापता थापता आई रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायची. उभी राहिले आणि तोंडातून तुम्ही तेव्हा लिहून दिलेलं वाक्य निघालं, 'मातेचे वात्सल्य सागरासारखे अथांग असते.' मग तुमचा पुढचा मुद्दा, मग त्याच्या पुढचा. थांबताच येईना. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "लई भारी बोललीस," भाऊ म्हणाला.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. भावाला मात्र मी अजून सांगितलेलं नाही, की त्या बोलण्यात आपली आई कुठंच नव्हती.